डावं मागचं, अर्धा आटा

अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या कॉलनीत घरासमोर कपडे वाळत घालायला बंदी आहे. गवत किती बोटं वाढू द्यायचं, टपालपेटीला कोणता रंग द्यायचा, नाताळचे दिवे कधी उतरवायचे, सगळ्याचे नियम आहेत. एखादा मोडला की कमिटीचं अतिशय गोड भाषेतलं पत्र येतं. अशा ठिकाणी आम्ही सात वर्षं रेसची गाडी बाळगली. शेजाऱ्यांना संशय होताच, पण गॅरेजचं दार बंद असे आणि बोलावलं की मी सगळ्यांना समोसे खायला घालत असे, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

रेसची गाडी म्हणजे टीव्हीवर दिसते तसली चपटी, टोकदार गाडी कृपा करून डोळ्यांसमोर आणू नका. ही दिसायला साधी जुनी मोटार. आतलं सगळं काढून टाकलेलं, भोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दारं कायमची वेल्ड केलेली, आत शिरायचं तर खिडकीतून. अशा वीस-पंचवीस गाड्या दर शनिवारी एका छोट्या अंडाकृती डांबरी ट्रॅकवर एकमेकींना खेटून धावतात आणि पूर्ण वेळ डावीकडेच वळतात. मी हे पुण्याला फोनवर सासूबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग घाण्याच्या बैलाला एवढं हेल्मेट कशाला?"

टीम म्हणजे आम्ही तिघं. मुलगी गाडी चालवायची, नवरा गाडी बांधायचा, आणि माझ्याकडे दोन खाती होती: डबा आणि रेडिओ. डबा समजण्यासारखा आहे. रेडिओचं असं, की गाडीत बसलेल्या माणसाला पिंजऱ्यामुळे आणि हेल्मेटमुळे शेजारचं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक टीमचा एक माणूस उंच मचाणावर उभा राहून कानात सांगत असतो, आत गाडी आहे, बाहेर गाडी आहे, आता मोकळं. ते मी सांगायची. सात वर्षं मी त्यात स्वतःचा एक शब्द घुसडत आले, "सावकाश." रेसच्या ड्रायव्हरला सावकाश जा म्हणणारी त्या मचाणावरची मी एकटीच असेन. मुलगी वैतागायची, "आई, प्लीज, डोन्ट से दॅट!" मी पुढच्या फेरीला पुन्हा म्हणायची.

याची सुरुवात मात्र त्याआधी, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी झाली. तिथे नवरा एका मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. चाकं आणि गाडी यांच्यामधल्या स्प्रिंगांवर त्याचं पोट चालायचं. ऑफिसातल्या मित्रांनी त्याला एका शनिवारी गावाबाहेरच्या ट्रॅकवर नेलं. घरी आला तो कानात दडे बसलेले, नाकात काळी धूळ आणि चेहरा असा खुललेला, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसा दिसत नाही. पुढच्या शनिवारी मुलीला घेऊन गेला. ती सहा वर्षांची होती. तिनं तिथे काय पाहिलं देव जाणे, पण घरी येऊन जेवणाच्या टेबलाभोवती डावीकडून फेऱ्या मारायला लागली.

मग मला नॉर्थ कॅरोलायनात एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात नोकरी मिळाली. मला वाटलं, सुटले. आता हे खूळ मिशिगनमध्येच राहील. नकाशाखेरीज आणखीही काही वाचायला हवं होतं, कारण हे राज्य म्हणजे या खेळाचं माहेर निघालं. इथे दर दोन-तीन गावांआड एक ट्रॅक आहे आणि किराणा दुकानातल्या आजीबाईसुद्धा इंजिनाबद्दल मत देतात.

गाडी आली तीही गवतामुळे. कमिटीचं पत्र आलं होतं की आपलं गवत जरा जास्तच आनंदात दिसतंय. नवरा तासाभराच्या अंतरावरच्या एका शेतावर जुनं गवतकापणी यंत्र घ्यायला गेला आणि संध्याकाळी रेसची गाडी घेऊन परत आला. त्या शेतावरच्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं घरची टीम चालवली होती. तो आणि त्याचे दोन भाऊ गाडी बांधायचे आणि चालवायचे, बायको घड्याळ लावून वेळ मोजायची. भाऊ गेले, बायको गेली, मुलं फ्लोरिडात विमा विकतात. धान्याच्या कोठारात ताडपत्रीखाली गाडी उरली होती. त्यानं अट एकच घातली, नंबर बदलायचा नाही, तो बायकोनं रंगवलेला आहे. गवत तसंच राहिलं आणि आठवड्यानं दुसरं पत्र आलं.

गाडीबरोबर म्हातारबुवाही आले म्हणायला हरकत नाही. आम्ही त्यांना आजोबा म्हणायला लागलो आणि ते ओ द्यायला लागले. दर शनिवारी ट्रॅकवर घडीची खुर्ची टाकून आमच्या गाडीशेजारी बसायचे. त्यांना साबुदाण्याची खिचडी फार आवडे. हे कशाचं करतात, असं ते दर वेळी विचारायचे आणि मी सांगितलं की दर वेळी विश्वास ठेवायचे नाहीत.

पिवळ्या रेघा त्यांनीच शिकवल्या. कोणताही नट घट्ट केला की त्यावर पिवळ्या मार्करनं रेघ मारायची. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. पण खऱ्या मोलाच्या रेघा चार मोठ्या स्क्रूंवर होत्या. प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगवर एक मोठा स्क्रू असतो. डगमगणाऱ्या स्टुलाच्या एका पायाखाली आपण कागदाची घडी घालतो ना, तसं हा स्क्रू पिळला की गाडीचं वजन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकतं. अर्धा आटा इकडचा तिकडे झाला तर गाडी वेगळी वागते. कोणता स्क्रू कुठपर्यंत पिळायचा हे स्क्रूवरच्या रेघांवरून कळायचं. कोणता टायर कुठल्या चाकाचा, त्याचा घेर किती, हेही खडूनं टायरवरच लिहिलेलं. ऑफिसात पाच स्क्रीनसमोर बसणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे इतकं आवडलं की त्यानं गॅरेजमध्ये कंप्यूटर येऊच दिला नाही. गाडीचं सगळं गाडीवरच लिहिलेलं असायला पाहिजे, असं तो आजोबांच्या थाटात म्हणायचा.

आमची कामगिरी सांगण्यासारखी नाही. अकरावी, चौदावी, नववी, पुन्हा अकरावी. एकदा पाचवी आली तेव्हा मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला आणि त्यापाठोपाठ एका काकूंनी विचारलं, "पण पुढे एमएस करणार ना ती?" ती इंजिनियर झाली, एमएस न करता. गेल्या वर्षी तिला नोकरी लागली, तीही नोव्हायला, बाबाच्याच जुन्या धंद्यात. नोव्हेंबरात रुजू व्हायचं होतं. म्हणजे ऑक्टोबरातली मोसमाची शेवटची रेस ही तिची आमच्या गाडीतली शेवटची रेस. जेवताना ती म्हणाली, "आई, मला एकदा जिंकायचंय यार. जस्ट वन्स. आपल्या गाडीत." नवरा ताटाकडे बघत राहिला. ती काही मागणारी मुलगी नव्हे, त्यामुळे आम्हा दोघांनाही ते लागलं.

ती रेस नेमकी दसऱ्याला आली आणि आदल्या दिवशी शुक्रवारी खंडेनवमी. एरवी मी खंडेनवमीला एक पाना आणि माझा लॅपटॉप पाटावर ठेवून हळदकुंकू वाहून मोकळी होत असे. गॅरेज त्या दोघांचं, तिथे मी पाय ठेवत नसे. या वर्षी मनात आलं, पोरीची शेवटची रेस आहे, सगळी हत्यारं काढून रीतसर पूजा करायची. मी रजा टाकली. नवरा ऑफिसला आणि मुलगी मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली, मी पदर खोचून, म्हणजे जुन्या ट्रॅकपँटचे पाय दुमडून, गॅरेजमध्ये शिरले.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. औषध कंपनीत माझं काम काय, तर यंत्रं स्वच्छ झाली की नाही हे तपासणं. पूर्वीच्या औषधाचा कणभर अंशही मागे राहता कामा नये. पंधरा वर्षं मी डाग शोधून पगार घेते आहे. आणि त्या गॅरेजमध्ये मला पंधरा वर्षांत दिसले नव्हते इतके डाग एकाच जागी दिसले. तीन आठवड्यांपूर्वी मुलीनं भिंतीला गाडी घासली होती, म्हणून नवऱ्यानं स्प्रिंगा, स्क्रू, सगळं सोडवून दुरुस्त केलं होतं आणि ते बाकावर मांडून ठेवलं होतं. संध्याकाळी येऊन बसवायचं होतं. ग्रीसनं माखलेले ते चार मोठे स्क्रू, त्यांच्यावर जुन्या पिवळ्या रंगाचे थरावर थर.

मला रेघा माहीत नव्हत्या असं नाही. नटावरच्या सरळ, स्वच्छ रेघा मी हजार वेळा पाहिल्या होत्या आणि त्यांना मी हात लावला नाही. पण स्क्रूंवर जे होतं ते माझ्या डोळ्यांना सांडलेला रंग वाटला. मी ब्रेक साफ करायचा स्प्रे घेतला आणि अडीच तास घासले. टायरही साबणानं धुतले, त्यांच्यावर कुणीतरी खडूनं गिचमिड केलेली होती. दुपारी पाटावर नवं कापड, त्यावर पाने, हातोड्या, जॅक आणि चांदीसारखे चमकणारे चार स्क्रू. झेंडू वाहिले, नारळ ठेवला, हत्यारांना दोरा गुंडाळला. फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सत्तावीस लोकांनी हात जोडले.

साडेपाचला दोघं आली. नवरा दारातच थांबला.

"हे कोणी केलं?"

मला वाटलं कौतुक आहे. मी म्हटलं, "मी. एकटीनं."

त्यानं वाकून एक स्क्रू नीट पाहिला, मग दुसरा. मग खाली बसला. मुलगी त्याच्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "ओह, आई." फक्त एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी सांडलेला रंग नव्हे, रेघा पुसल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या कुणी माझ्या प्रयोगशाळेत असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं. मुलगी फोनमधले फोटो शोधायला लागली, एखाद्यात तरी रेघ दिसेल म्हणून. सात वर्षांचे फोटो निघाले. हेल्मेट घालून हसणारी ती, अंगठा दाखवणारा नवरा, खिचडीची वाटी धरलेले आजोबा, पुरणपोळीचे क्लोजअप. स्क्रूचा एकही नाही.

"काढ ती हत्यारं," नवरा म्हणाला. "आठवतंय मला साधारण. बसवून टाकतो."

आणि इथे मी आडवी आले. आता विचार केला की माझंच मला हसू येतं. एवढा घोळ घालूनही मी म्हटलं, "आज हात लावायचा नाही. पूजेला बसवलीत. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की घे."

"अगं, तू आत्ता काय केलंयस कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हणून तर अजून काही नको."

तो देव मानत नाही. पण त्याच्या आईच्या घरी खंडेनवमीला कात्रीसुद्धा उचलत नसत, आणि तेवढी सवय त्याच्या हातात उरलेली आहे. पान्याकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला. जाऊन पायरीवर बसला आणि आजोबांना फोन लावला, स्पीकरवर.

आजोबा बराच वेळ हसले. इतके की आम्हाला काळजी वाटायला लागली. मग म्हणाले, त्यांच्या रेघा चाळीस वर्षांत तीनदा गेल्या. एकदा कोठाराला आग लागून, एकदा पुरात, एकदा बायकोनं रागानं गाडीला रंग दिला तेव्हा. दर वेळी नव्यानं सुरुवात केली.

"कशी?" नवऱ्यानं विचारलं.

"गाडीत कोण बसतं? त्याला विचारून."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "तिला तर मी नेहमीच विचारतो."

"यू आस्क, बाबा," मुलगी म्हणाली. "विचारतोस. मग तुला हवं तेच करतोस."

"केव्हा केलं असं?"

"ऑल्वेज!"

"एक उदाहरण दे."

चिडलेल्या माणसाला ऐन वेळी उदाहरण आठवत नाही. मला मात्र आठवलं, आणि मी आत जाऊन वही आणली.

ही डब्याची वही. कंपनीत आमच्या विभागात न लिहिलेल्या कामाला कुणी विचारत नाही, ती खोड घरीही आहे. दर शनिवारी काय नेलं, किती नेलं, किती उरलं, हे मी लिहून ठेवते. शेवटचा रकाना कारणाचा. अन्न उरलं तर का उरलं, याचं कारण लिहिलंच पाहिजे. कधी लिहिलंय, मीठ जास्त. कधी, ऊन फार. पण बहुतेक शनिवारी कारण एकच, कारण भांडण झालं की ती दोघं जेवत नाहीत. आणि नुसतं भांडण एवढं लिहून माझं समाधान होत नाही, कशावरून तेही लिहायला लागतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी मोठ्यानं वाचायला लागले.

"पोळ्या चौदा, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी. उरल्या नऊ. कारण: भांडण. ती म्हणते डावं मागचं अर्धा आटा सैल कर, गाडी वळत नाही. हा म्हणतो नको. अकरावी आली."

पान उलटलं. "दशम्या बारा, मुगाची उसळ. उरल्या आठ. कारण: ती म्हणते डावं मागचं अर्धा आटा. हा म्हणतो डेटा बघू. नववी."

पुढचं पान. "इडल्या तीस. उरल्या अकरा, त्यातल्या चार आजोबांनी घरी नेल्या. कारण: डावं मागचं."

पाचव्या पानानंतर मुलीला हसू आवरेना. नवराही हसत होता. पंधराव्या पानानंतर तो हसायचा थांबला. तीन वर्षं. ती दर शनिवारी एकच गोष्ट मागत होती आणि तो दर शनिवारी नको म्हणत होता. मध्ये मध्ये बाकीच्या स्क्रूंच्या आट्यांवरची आणि टायरच्या घेरावरचीही भांडणं होती, त्यामुळे आकडे आपोआप मिळाले. उजव्या बाजूचे दोन्ही, पुढचं डावं, सगळं कुठे ना कुठे उरलेल्या पोळ्यांपाशी सापडलं.

"का नाही दिलंस?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

तो टेबलावरचे कण बोटानं गोळा करत राहिला. मग म्हणाला, "तो स्क्रू सैल केला की मागची बाजू मोकळी होते. गाडी छान वळते. पण एखादे वेळी मागची बाजू सुटते आणि गाडी गरकन फिरते. मी बांधतो तशी गाडी जिंकत नाही. पण फिरतही नाही."

मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिनं इतकी वर्षं त्याला हट्टी समजलं होतं. मीही. हा माणूस दर शनिवारी तिला जिंकू न देता घरी परत आणत होता, आणि वर डेटाचं नाव सांगत होता. माझ्या त्या "सावकाश"चा मोठा भाऊच की हा.

"बाबा," ती म्हणाली, "मी बावीस वर्षांची आहे."

"माहितीय."

"मला ती सुटली तर पकडता येते."

त्या शुक्रवारी आम्ही तिघंही जेवलो. वहीत तशी नोंद आहे, उरलं काही नाही.

हत्यारं मोकळी असती तर त्यानं त्या संध्याकाळीच आठवणीनं सगळं बसवलं असतं, आपल्या पद्धतीनं, घट्ट. वही निघालीच नसती. याचं श्रेय मी देवीला द्यायला तयार आहे, पण तिचा माझ्या साफसफाईशी संबंध जोडू नये.

सकाळी अंघोळ करून उत्तरपूजा केली, दोरे सोडले. नवऱ्यानं वही शेजारी उघडी ठेवून एकेक स्क्रू बसवला. डाव्या मागच्यापाशी आला तेव्हा पाना लावून थांबला. मुलगी गाडीत बसलेली होती. मी दारात. त्यानं अर्धा आटा सोडला, पाना खाली ठेवला आणि हात पुसत बाहेर निघून गेला.

ट्रॅकवर दुपारी आजोबा आले. आपटा इथे मिळत नाही, म्हणून आम्ही इथल्या रेडबड नावाच्या झाडाची पानं सोनं म्हणून वाटतो, बरीचशी तशीच दिसतात. मी आजोबांना सोनं दिलं. त्यांनी ते टोपीत खोचलं आणि नवऱ्याला विचारलं, "मुलीला विचारलंस?" तो हो म्हणाला.

रेस पस्तीस फेऱ्यांची होती आणि मुलगी नवव्या जागेवरून सुटली. मी मचाणावर चढले. पहिल्याच वळणात गाडीची मागची बाजू डुलली आणि माझ्या तोंडात तो शब्द आला. मी तो गिळला. सात वर्षांत पहिल्यांदा. खाली नवरा पाठ फिरवून उभा होता, ट्रॅककडे बघतच नव्हता. आजोबा त्याला हातांच्या बोटांनी सांगत होते, आठवी, सातवी, सहावी.

गाडी वळत होती. इतकी वर्षं वळणावर ती नाक मुरडल्यासारखी बाहेरच्या भिंतीकडे जायची. आता आतल्या कडेला चिकटून वळत होती आणि मुलगी एकेकाला आतून मागे टाकत होती. मधेच दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, पिवळं निशाण आलं, सगळे हळू झाले. रेडिओवर तिचा आवाज आला, "आई, तू आज काही बोलत का नाहीयेस?" मी म्हटलं, "बोलतेय की. चौथी आहेस." मला रडू येत होतं आणि ते रेडिओवर जाऊ द्यायचं नव्हतं.

शेवटच्या सहा फेऱ्या राहिल्या तेव्हा ती दुसरी होती. पुढच्या गाडीचे टायर दमले होते, ती प्रत्येक वळणावर जरा जास्तच बाहेर जात होती. आत एका गाडीपुरती जागा उघडायची आणि मिटायची. मला वरून दिसत होतं, तिला नाही. सांगायचं काम माझं होतं. माझी पोर ताशी शंभर मैलांच्या आसपास धावत होती, मागची बाजू मोकळी सोडलेली गाडी घेऊन, आणि तिला त्या फटीत घालायचं की नाही हे माझ्या शब्दावर होतं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

"आत मोकळं आहे," मी म्हटलं. "जा."

ती गेली. दोन गाड्या जोडीनं वळणात शिरल्या, तिची मागची बाजू सुटली, मला बाजूवरचा नंबर पूर्ण दिसला, म्हणजे गाडी आडवी झाली होती. आणि तिनं ती पकडली. मी फक्त म्हणत राहिले, "बाहेर आहे. बाहेर आहे. बाहेर आहे. क्लिअर."

आमची गाडी पहिली आली. त्यानंतरचं मला फारसं नीट आठवत नाही. मचाणावरच्या एका अनोळखी दाढीवाल्याला मी मिठी मारली एवढं आठवतं, कारण त्याचा मुलगा दुसरा आला होता आणि तो जरा अवघडला होता.

खाली आले तर नवरा टायरवर बसलेला. सगळी रेस पाठ फिरवून उभा राहिलेला तो एकटाच बाप असेल. मुलगी खिडकीतून बाहेर आली, हेल्मेट काढलं, घामानं केस चिकटलेले, आणि ती आजोबांना मिठी मारून सरळ त्याच्यापुढे उभी राहिली.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं आधी जिंकली असतीस तू."

"कदाचित फिरले असते," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, हे मला विशेष वाटलं, कारण ती भावनेच्या भरात नेहमी इंग्रजीत जाते.

आमच्याकडे बाप मुलीला सॉरी म्हणत नाही. त्यानं खिशातून पिवळा मार्कर काढून तिच्या हातात दिला आणि चाकाकडे बोट दाखवलं. आजवर रेघा तोच मारायचा, दुसऱ्या कुणाला मार्करला हात लावू देत नसे. ती तशीच डांबरावर आडवी होऊन गाडीखाली सरकली आणि डाव्या मागच्या स्क्रूवर रेघ मारली. आजोबा खुर्चीतून वाकून बघत होते. टोपीतलं सोनं खाली पडलं, ते त्यांनी उचलून पुन्हा खोचलं.

त्याला आता वर्ष झालं. ती नोव्हायला आहे. गाडी गॅरेजमध्ये आहे आणि नवरा ती विकायचं नाव काढत नाही. गवतावरून मात्र नवं पत्र आलंय.

यंदाच्या खंडेनवमीला मी पुन्हा गॅरेज आवरायला काढलं. नवरा या वेळी पूर्ण वेळ दारात उभा होता, पहाऱ्यावर असल्यासारखा. पाने घासले, बाक पुसला, गाडीखाली शिरून स्प्रिंगा पुसल्या. डाव्या मागच्या स्क्रूपाशी मी कापूस लावलेली काडी घेतली आणि रेघेच्या दोन्ही बाजू तेवढ्या साफ केल्या. रेघ जरा वाकडी आहे. घाईत मारलेली, आनंदात मारलेली. तिला मी हात लावला नाही.

मग आत येऊन स्वयंपाक केला. हात सवयीनं चालतो, चौदा पोळ्या झाल्या. आम्ही दोघं जेवलो, भांडण काहीच झालं नाही. वही उघडून लिहिलं, उरल्या आठ. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ती इथे नाही.